गुरुजींच्या हातचं टपाल

मराठी शिक्षकाला गावाबाहेर ऐकू जाईल असं बोलण्याची जागा मिळाली ती एकोणिसाव्या शतकातल्या साठच्या दशकात, ‘मराठी शालापत्रक’ या मासिकात. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचं संपादन करत. ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते, म्हणजे शिक्षकांना शिकवणारे. 1868 पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री मासिकाचं काम पाहू लागले आणि त्याचा सूर बदलला. मिशनऱ्यांवर टीका येऊ लागली, सरकारवरही येऊ लागली. सरकारची मर्जी उतरली आणि 1875 मध्ये शालापत्रक बंद झालं. त्याआधीच, जानेवारी 1874 मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली होती. हे सगळं चालू असताना ते सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. 1878 मध्ये त्यांची रत्नागिरीला बदली झाली. ती लेखनामुळेच झाली अशी समजूत पूर्वीपासून आहे. 1879 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि जानेवारी 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं.

मी सातारा जिल्ह्यात बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवत असे. सोशल मीडियाचा जबाबदार वापर हा घटक आला की मी फोनपासून सुरुवात करत नसे, शालापत्रकापासून करत असे. शिक्षकानं चारचौघांत काय लिहावं आणि काय लिहू नये हा प्रश्न फेसबुकनं आणला, अशी वर्गाची समजूत असे. तो प्रश्न दीडशे वर्षांचा आहे आणि आपल्याच धंद्यातल्या माणसांनी तो आधी अंगावर घेतला आहे, हे त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती.

विष्णुशास्त्र्यांची गोष्ट ऐकताना वर्ग खुलायचा. बदली, राजीनामा, नवी शाळा हे कोणालाही आवडेल असं आहे. मग मी त्याच निबंधमालेची दुसरी बाजू काढायची. त्याच लेखणीनं जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. ज्या माणसानं 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, जो सावित्रीबाईंना शिक्षिका होण्यासाठी पाठबळ देत उभा राहिला, ज्यानं 1882 मध्ये हंटर आयोगाला लिहून दिलं की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असला पाहिजे आणि त्याला महिना निदान 12 रुपये मिळाले पाहिजेत, त्या माणसाच्या शुद्धलेखनाला हायस्कुलातला एक शिक्षक हसला. विद्येची मिरवणूक काढून ज्याला ती मिळू दिली गेली नाही त्याला हसणं, हे शिक्षकाच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. विष्णुशास्त्र्यांचं मोठेपण मान्य करूनही वाटतं.

वर्गात मी फळ्यावर दोन रकाने पाडत असे. एकाच्या डोक्यावर लिहायचं ‘आपल्याहून बळकटाबद्दल’, दुसऱ्याच्या ‘आपल्याहून दुबळ्याबद्दल’. सरकार, संस्थाचालक, पुढारी पहिल्यात. मूल, त्याची आई, वस्तीवरचा अडाणी बाप दुसऱ्यात. पहिल्या रकान्यात शिक्षकाला धैर्य लागतं, दुसऱ्यात संयम. आमच्या पेशाचा इतिहास पाहिला तर नियम करणाऱ्यांनी कायम पहिल्या रकान्यावर पहारा बसवला. दुसरा शिक्षकाच्या सदसद्विवेकावर सोडून दिला. प्रशिक्षण महाविद्यालयानं खरं काम करायचं ते दुसऱ्या रकान्यात, हे मी नोकरीभर सांगत आले आणि अजून सांगते.

हे मला पुस्तकातून समजलं नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, सीनियर पी.टी.सी. हे शिक्षक-प्रशिक्षण झालेले. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावी त्यांच्याकडे शाळेबरोबर ब्रँच पोस्टही होतं. त्या काळी यात कोणाला नवल वाटत नसे. खेड्यात पूर्णवेळ माणूस ठेवणं टपाल खात्याला परवडत नसे, म्हणून इंग्रजी अमदानीपासून शाळामास्तर किंवा दुकानदार यांना थोड्याशा भत्त्यावर पोस्टाचं काम देण्याची रीत होती. शिक्षकाला लिहिता-वाचता येई, हिशेब येई, आणि तो दिवसभर एका जागी सापडे. शाळेच्या लाकडी कपाटात वरच्या कप्प्यात हजेरीपट आणि जनरल रजिस्टर, खालच्या कप्प्यात तिकिटं, तारखेचा शिक्का, शाईची गादी आणि मनीऑर्डरचे फॉर्म. दुपारच्या सुट्टीच्या सुमाराला रनर थैली घेऊन येई.

खोऱ्यातले कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी मसाला बाजारात पाठीवर पोती वाहणारा. मागे राहिलेल्या बायकांना अक्षरओळख नव्हती. मनीऑर्डर आली की तिच्या कुपनावरच्या दोन ओळी गुरुजींनीच वाचायच्या, पत्र आलं तर तेही वाचायचं, आणि उत्तरही त्यांनीच लिहायचं. कोणाच्या घरी महिना किती पैसे येतात, कोणाचे येणं बंद झालं, कोणाच्या नवऱ्यानं तिकडे दुसरा संसार मांडला, कोण छातीच्या दुखण्यानं खाटेला लागला, हे सगळं त्या एका माणसाला ठाऊक. आणि सकाळी त्याच घरातलं मूल त्यांच्यापुढे पाढे म्हणायला उभं. गावाबद्दल इतकं जाणणारा दुसरा माणूस पाटीलही नव्हता आणि तलाठीही नव्हता.

वडिलांचे काही नियम होते. कोणी घालून दिलेले नव्हते, त्यांचे त्यांनी केलेले. पत्र ज्याच्या नावाचं त्यालाच वाचून दाखवायचं. सुनेचं पत्र असेल आणि सासू येऊन बसली तर सुनेला विचारायचं, “आत्ता वाचू का मागनं?” बाकीच्यांना पडवीच्या पलीकडे बसवायचं. रक्कम तोंडानं उच्चारायची नाही, नोटा हातावर मोजायच्या. अंगठ्याला साक्षीदार लागे, तर त्यासाठी नेहमी एकाच वयस्क, मितभाषी गृहस्थांना बोलावणं पाठवायचं, म्हणजे दर वेळी नवा माणूस जाणता होत नाही. आणि टपालातली गोष्ट वर्गात आणायची नाही. ज्याच्या बापानं चार महिने पैसे धाडले नाहीत त्या मुलाकडे वही नसेल तर का नाही हे सगळ्यांदेखत विचारायचं नाही. आई कधी काही विचारू लागली तर ते म्हणत, “ते माझं नाही, त्यांचं आहे.” एवढ्यावर विषय संपे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी पाच वर्षांची होते, काही मला आठवतं, बाकीचं आईनं सांगितलेलं. आमची भिंत पडली, माणसं वाचली. गाव थंडीत उघड्यावर बसलं असताना कोणीतरी म्हणालं की धरण फुटलं. पुण्याचं पानशेत फुटून साडेसहा वर्षंच झाली होती, त्यामुळे ते ऐकणाऱ्याला खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. पोरं काखेला मारून बायका वरच्या अंगाला धावू लागल्या. वडिलांनी शाळेची घंटा वाजवली आणि लोक वळल्यावर सांगितलं की धरणाचं मला काही माहीत नाही. इथं कोणालाच माहीत नाही. उंचावर थांबायला हरकत नाही, पण सावकाश चढा, म्हातारी माणसं पुढे घाला, आणि जोवर खालून येणारा डोळ्यांनी पाहिलेला माणूस भेटत नाही तोवर ‘फुटलं’ हा शब्द कोणी काढू नका. धरण शाबूत होतं. त्यानंतरचे दिवस ते कार्डं लिहीत बसले होते. मुंबईच्या चाळीचाळींत, ‘आम्ही सर्व सुखरूप’.

ही हकीकत मी दर वर्षी वर्गाला सांगत असे, कारण खात्री नसलेली बातमी हातात आली तर शिक्षकानं काय करावं याचा याहून चांगला पाठ मला माहीत नाही. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य शिक्षकानं गावापुढे मोठ्यानं म्हणणं ही किती अवघड गोष्ट आहे, ते सराव पाठाला उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावं.

शिक्षकानं मुलांसाठी रोज काही लिहून पसरवायचं, याचाही आपल्याकडे एक सुंदर दाखला आहे. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या शाळेत लागले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. एक शिक्षक, रोज रात्री जागून, हातानं लिहून, आपल्याच वसतिगृहातल्या मुलांसाठी वर्तमानपत्र काढतो. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच विचारत असे की या दैनिकाचा वाचक कोण होता? ज्यांच्यासाठी लिहिलं तीच मुलं. आज शाळेच्या नावानं जे पान चालतं त्याचा वाचक कोण असतो? मूल असतं का? या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलत नसे. रयत शिक्षण संस्थेनं 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं, तिथून बाहेर पडलेले शिक्षक वाड्यावस्त्यांवर गेले, आणि त्यांच्याकडूनही गाव माझ्या वडिलांकडून धरी तीच अपेक्षा धरत असे: वाचून दाखवा, लिहून द्या, आणि पोटात ठेवा.

मधला काळ मी भरभर ओलांडते. रेडिओवरचे पाठ आले, 1984 मध्ये पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी आली, आमच्या अभ्यासक्रमात शैक्षणिक तंत्रविज्ञान हा पेपर आला. त्यात आम्ही तक्ते, स्लाइड, ओव्हरहेड प्रोजेक्टर शिकवला. या साधनांत शिक्षक ऐकणारा आणि दाखवणारा होता. स्वतः प्रसारण करणारा नव्हता, म्हणून जबाबदारीचा प्रश्न फारसा उठला नाही.

तो उठला 2010 नंतर. आणि आधी चांगल्या बाजूनं उठला, हे सांगायलाच हवं. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत मुलं जमिनीवर बसून काड्या, खडे, शब्दपट्ट्या घेऊन आपली आपण शिकताना दिसू लागली. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येत, आणि न येऊ शकणाऱ्यांपर्यंत ते फोनवरून पोचे. नंदुरबारच्या पाड्यावरच्या शिक्षकाला कुमठ्याची शब्दपट्टी त्याच संध्याकाळी दिसू लागली, हे आमच्या पेशात पूर्वी कधी घडलं नव्हतं. एकाकी शाळेतल्या एकट्या शिक्षकाला सोबत मिळाली. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि या देवाणघेवाणीला आणखी बळ आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे क्यूआर कोड पाठ्यपुस्तकात आणण्याचं कामही होतं. हे सारं त्याच फोनचं पुण्य आहे आणि ते नाकारण्याची मला गरज वाटत नाही.

पण याच वर्षांत शाळेचा फोटो हा कामाचा पुरावा होऊन बसला. केलेलं काम दाखवायचं तर मूल दाखवायचं. नोव्हेंबर 2016 मध्ये शासनानंच ठरवलं की शिक्षकांनी दर सोमवारी दहादहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ती शासनाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर चढवायची, जानेवारी 2017 पासून. हेतू चांगला होता, शाळेत न येणारी मुलं लक्षात यावीत. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि तो उपक्रम रुळला नाही. विरोधाची कारणं मी तेव्हा लक्ष देऊन वाचली होती. रेंज नाही, फोन स्वतःच्या पैशाचा, अध्यापनाचा वेळ जातो. सगळी खरी होती. पण मुलाला विचारलं का, त्याच्या आईला विचारलं का, हा प्रश्न फार थोड्यांनी काढला. आम्ही प्रशिक्षण देणाऱ्यांनीही तो तेव्हा मोठ्यानं काढायला हवा होता.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं होतं. त्यात माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञानाचं चिकित्सक आकलन असा एक प्रात्यक्षिकाचा भाग आला आणि शाळेतला अनुभव, म्हणजे आंतरवासिता, 20 आठवड्यांवर गेला. याचा अर्थ विशीतली मुलंमुली पाच महिने वर्गात, खिशात फोन. मला ‘चिकित्सक’ हा शब्द फार मोलाचा वाटला. कारण पुष्कळ ठिकाणी या भागात सादरीकरणाच्या स्लाइड कशा करायच्या आणि ईमेल कसा पाठवायचा एवढंच उरकलं जाई.

त्याच सुमाराला एका शाळेत घडलेलं सांगते. आंतरवासितेला गेलेल्या एका छात्राध्यापकानं चौथीतल्या मुलाचं वाचन चित्रित केलं. मुलगा अडखळत होता, जोडाक्षर आलं की भलताच शब्द म्हणत होता, आणि भोवतालची मुलं हसत होती. छात्राध्यापकाचा हेतू वाईट नव्हता. त्याला महिन्यानंतरची प्रगती दाखवायची होती, आधीचं आणि नंतरचं. आधीचं त्यानं मित्रांच्या गटावर टाकलं. तिथून ते गावाच्या गटावर गेलं आणि तिथून नवी मुंबईत माथाडी काम करणाऱ्या बापाच्या फोनवर. बाप रजा काढून शाळेत आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, “बाई, माझ्या पोराला वाचता येत नाही हे शाळेला ठाऊक होतं, मलाबी ठाऊक होतं. आता भावकीला कळलं.” मुलगा पुढे आठवडाभर शाळेत आला नाही, आणि आला तेव्हा वाचायला उभा राहायला तयार नव्हता.

त्या मुलाचं कुपन कोणीतरी चावडीवर वाचून दाखवलं होतं.

यानंतर मी कायदा शिकवण्याची पद्धत बदलली. त्याआधी कायदे वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेले होते. ते मी एका बैठकीत आणले. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 17: मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळ नाही. वर्गाला विचारायचं, अडखळणाऱ्या मुलाचं चित्रण पसरवणं यात बसतं का? वाद होत, आणि व्हायलाच हवेत. पोक्सो कायदा, 2012, कलम 23 आणि बाल न्याय कायदा, 2015, कलम 74: अत्याचाराला बळी पडलेल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायची नाही. नाव नाही, फोटो नाही, शाळासुद्धा नाही. ‘आमच्या शाळेतल्या दुर्दैवी मुलीला श्रद्धांजली’ असं लिहून फोटो लावणारा सहृदय शिक्षकही गुन्हा करतो, हे ऐकून वर्ग हादरत असे. पुढे 2023 चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला, त्यानं 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हा मुद्दा पक्का केला. पहिल्या रकान्यासाठीही एक कायदा सांगत असे. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवर बंदबद्दल लिहिल्यावरून आणि ते लाइक केल्यावरून अटक झाली, आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द केलं. बोलण्याचा हक्क नागरिक म्हणून शिक्षकालाही आहे. तो जपूनही दुसरा रकाना सांभाळता येतो.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची भिक्षेकरी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्याआधी काही आठवडे सगळीकडे फिरत होते. त्या संशयानं या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या आठवड्यात मी पाठाचं टाचण बाजूला ठेवलं आणि वर्गाला विचारलं, तो संदेश कोणाकोणाच्या फोनवर आला होता? जवळजवळ सगळे हात वर झाले. पुढे कोणी पाठवला? पुष्कळ वेळानं काही हात वर झाले. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मी आईला पाठवला होता, भावाला सांभाळ म्हणून.” ती रडत होती. तिला मी अपराधी ठरवलं नाही. काळजीपोटी पाठवलेला संदेशच सगळ्यांत जलद जातो, कारण त्याला कोणी अडवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मी वर्गाला म्हटलं, पाचाची मर्यादा कंपनीनं घातली, ती शून्यावर आणणं आपल्या हातात आहे. आणि त्याहून मोठं काम म्हणजे घंटा वाजवणं: आपल्या गावच्या गटावर शिक्षकानं आपल्या नावानिशी लिहायचं की याची खात्री झालेली नाही, मी ठाण्यात विचारलं, तिथं असं काही नोंदलेलं नाही. गावात अजूनही मास्तरांचं म्हणणं थोडंफार मानलं जातं. राईनपाड्यासारख्या दुपारी तेवढ्यानं भागलं असतं का, मी सांगू शकत नाही. पण त्याआधीच्या आठवड्यांत ठिकठिकाणच्या शिक्षकांनी ते केलं असतं तर अफवेचं रान इतकं माजलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका झटक्यात प्रत्येक शाळेचे पालकगट तयार झाले. एनसीईआरटी आणि युनेस्कोनं त्या वर्षी सुरक्षित ऑनलाइन शिक्षणावर पुस्तिका काढली, केंद्रानं ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचण्यासारख्या होत्या. पण गटात आईचा नंबर साऱ्या गावाला दिसू लागला, तर काय करायचं हे तिथल्या तिथं शिक्षकालाच सुचावं लागलं. विधवा आईला अपरात्री येणारे फोन, घटक चाचणीच्या गुणांची यादी सगळ्यांसमोर, एका बापानं दुसऱ्याच्या मुलाला गटावर नावं ठेवणं. हे सारं त्या दोन वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांनी शाळांतून नोंदवून आणलं.

त्या नोंदींवरून आम्ही प्रात्यक्षिक बसवलं. छात्राध्यापकांना मी वर्गाचा एक फोटो काढायला सांगे आणि त्यातून अनोळखी माणसाला काय काय कळतं याची यादी करायला लावे. गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव. फळ्यावर तारीख, इयत्ता, पट. मागच्या भिंतीवर वाढदिवसाचा तक्ता, त्यात मुलींची पूर्ण नावं. खिडकीतून दिसणारं देवळाचं शिखर, म्हणजे गाव ओळखू येतं. एका मुलाच्या पायात चप्पल नाही, म्हणजे घरची परिस्थिती. यादी वाढत जाई आणि वर्ग गप्प होई. मग तोच पाठ पुन्हा टिपायचा: मुलांचे हात, वह्या, जमिनीवरची मांडणी, पाठमोरी रांग. बहुतेकांना कळून चुके की दुसऱ्या शिक्षकाला जे हवं असतं ते सगळं या दुसऱ्या फोटोत आहे. चेहऱ्याची गरज दुसऱ्याच कोणाला तरी होती. पालकगटाचे नियमही विद्यार्थीच लिहीत. गुण आणि तक्रार गटावर नाही, ज्याची त्याला. रात्री आठनंतर संदेश नाही. अंगठा करणाऱ्या पालकाला गटावरची सूचना घरी जाऊन सांगायची, शेजाऱ्याकडून वाचून घ्यायला लावायची नाही. हा शेवटचा नियम एका मुलानं सुचवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शाळेची पडवी आली.

मी 2022 मध्ये निवृत्त झाले. अजून कुठे बोलावलं तर हा घटक घ्यायला जाते. जुलै 2025 मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल निर्णय काढला, आणि तो स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू केला. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, पदनाम आणि बोधचिन्ह वापरू नका. शिस्तीच्या दृष्टीनं त्यातल्या काही गोष्टी योग्य आहेत. पण हा पहारा पुन्हा पहिल्याच रकान्यावर आहे. विष्णुशास्त्र्यांच्या बदलीला जवळजवळ दीडशे वर्षं उलटली तरी शिक्षक वर काय बोलतो याचीच चिंता मोठी राहिली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं धोरणावर दोन ओळी लिहिल्या तर नोटीस निघू शकते, आणि त्यानं रोज चाळीस चेहरे साऱ्या जगापुढे मांडले तर गटशिक्षणाधिकारी अंगठा वर करून शाबासकी देतात.

गेल्या खेपेला एका महाविद्यालयात तास घेतला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, आम्ही चेहरा दाखवायचा नाही म्हणता. पण वरिष्ठांनीच फोटो मागितला तर? उपक्रमाचा अहवाल फोटोशिवाय घेतच नाहीत.” प्रश्न रास्त होता आणि नव्या शिक्षिकेला त्यावर एकटीनं लढायला सांगणं मला बरोबर वाटलं नाही. आम्ही तासभर बसून एक संमतीपत्र लिहिलं. सोपं मराठी, मोठी अक्षरं, वाचून दाखवण्याजोगी वाक्यं. फोटो कशासाठी काढणार, कोणाला पाठवणार, किती दिवस ठेवणार. पालक ‘नाही’ म्हणाले तर मुलाला रांगेतून बाजूला काढायचं नाही, फोटोच वेगळा काढायचा. मूल स्वतः ‘नको’ म्हणालं तर पालकांच्या सहीनंतरही काढायचा नाही, हे कलम छात्राध्यापकांनी आपणहून घातलं. त्याखाली त्या मुलीनं आणखी एक ओळ लिहिली: हे पत्र ज्याच्या नावाचं आहे त्याला एकट्याला बसवून वाचून दाखवावं. पोस्टाची हकीकत मी त्या तासाला सांगितलेलीच नव्हती. त्यातल्या काही जणी आता आंतरवासितेला गेल्या आहेत. दोन शाळांनी ते पत्र वापरायला घेतलं, एका शाळेनं ‘असले कागद नकोत’ म्हणून परत केलं. त्या शाळेत गेलेल्या छात्राध्यापिका अहवालात सध्या वह्यांचे आणि हातांचे फोटो जोडत आहेत.